तोंडाचं परमिट

घरातला बल्ब बदलायचा असला तरी काकांना दोन माणसं लागत. एक स्टुलावर चढणारा आणि एक नुसता उभा राहणारा. उभ्या राहणाऱ्याने काही करायचं नसे. बोलायचंही नसे. फक्त बघायचं. "काम करणाऱ्याला काम दिसतं, धोका दिसत नाही," ते म्हणत. "धोका बघायला दुसरा माणूस लागतो." त्यांच्या घरात हा दुसरा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी असे, कारण आमचं दार त्यांच्या दारासमोर होतं आणि मला शाळेच्या अभ्यासापेक्षा स्टुलाशेजारी उभं राहणं जास्त आवडायचं.

आणि हाच माणूस मोरीचं दार आतून लावून, आरशासमोर उभा राहून, पकडीने स्वतःचे दात उपटायचा.

ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. आम्ही सगळे तिथल्याच कॉलनीत राहायचो, चिमण्यांच्या पायथ्याशी. काकांची उंची बेताची, मनगटं जाड, खिशाला कायम एक लाल पेन्सिल. टर्बाइनच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं ओरडून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं असं येतच नसे. काकूंशी ते जे खाजगी बोलायचे ते आम्हाला जेवताना ऐकू यायचं. मी त्यांना काका म्हणायचे. सगळी कॉलनीच म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

त्यांचं दुसरं काम म्हणजे पत्रकं. एका बाजूला छापलेला कागद, वर मथळा, मधे कारण, शेवटी काय करायचं ते. आधी सायक्लोस्टाइल, पुढे झेरॉक्स. कॉलनीतल्या विहारात रविवारच्या बैठकीनंतर वाटायचे, बुधवारी सुट्टी मिळाली की पंचवटीत गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात वाटायचे, लग्नात आहेराच्या पाकिटासोबत द्यायचे. मी पहिलं सलग वाक्य वाचलं ते पाठ्यपुस्तकातलं नव्हतं. ते होतं: 'चालू स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नका. ज्योत बाटलीपर्यंत उडी मारते.' कमळ बघ, छगन बघ, यापेक्षा ते मला फार खरं वाटलं. त्यात कुणाचा तरी जीव होता.

आजही मला पत्रक हा साहित्याचा सगळ्यात प्रामाणिक प्रकार वाटतो. कथेला वाचकाला आवडायचं असतं, कवितेला स्वतःलाच आवडायचं असतं, पत्रकाला फक्त समोरचा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी पोचलेला हवा असतो. हे मला कुठल्या प्राध्यापकाने सांगितलं नाही. हे मी काकांच्या दारातल्या गठ्ठ्यावर बसून शिकले.

त्यांच्याकडे पत्र्याची एक लाल पाटी होती. प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचवर अशी पाटी अडकवतात. तिच्यावर लिहिलेलं असतं: धोका, माणसं काम करत आहेत, हात लावू नका. आधी परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यायचं, मग मशीन बंद करायचं, मग पाटी लावायची, मग हात घालायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्याने पाटी लावली, त्यानेच ती काढायची. मोठा साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. काकांनी घरासाठी अशी एक पाटी स्वतः कापून रंगवली होती. फ्यूज बदलताना ती मेन बोर्डावर लागायची. मिक्सर उघडला की मिक्सरच्या प्लगला लागायची. मग चटणी दोन दिवस थांबली तरी चालेल.

एकदा त्यांनी मेन स्विच बंद केला, पाटी लावली आणि तेवढ्यात प्लांटमधून बोलावणं आलं म्हणून तसेच निघून गेले. उन्हाळ्याचे दिवस. संध्याकाळी परत येतात तर काकू उंबऱ्यावर बसून सुपाने वारा घेताहेत, चेहरा लालबुंद.

"अगं, पंखा लावायचा ना."

"पाटी कुणी लावलीय?"

"मी."

"मंग काढा तुमी. म्या कशाला काढू?"

काकांना त्या दिवशी जो अभिमान वाटला तो त्यांनी सगळ्या कॉलनीला ऐकवला. अशी एक बाई आमच्या डिपार्टमेंटला द्या, ते म्हणाले, मग अपघात कसा होतो बघतो. काकू वणीकडच्या एका खेड्यातल्या. शाळा चौथीपर्यंत. बोलायच्या कमी आणि नवऱ्याचं सगळं बोलणं ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने भाजी निवडत बसायच्या. पण ऐकलेलं असायचं. सगळं ऐकलेलं असायचं.

आता दातांबद्दल.

काकांची दातांविषयीची समजूत अशी होती की दात म्हणजे जाम झालेला बोल्ट. गंजलेला बोल्ट काढायचा तर घाई करायची नाही. आधी तेल सोडायचं, मुरू द्यायचं, मग पकड लावून थोडं इकडे, थोडं तिकडे. जोर शेवटी. दातालाही तेच. लवंगेचं तेल, वाट बघणं, मग पकड. मिश्रीने आणि तंबाखूने त्यांच्या हिरड्या कधीच्या उतरल्या होत्या, त्यामुळे पुढचे काही दात खरोखरच असे निघाले होते. काढलेला प्रत्येक दात ते फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत ठेवत. प्लांटमध्ये स्टोअरला जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, म्हणून.

"पण काका, नवा कोण देणार आहे?"

"ते स्टोअरचं काम. आपण जमा करून ठेवायचं."

डॉक्टरकडे का जात नाही, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "अख्ख्या मॅनेजमेंटला माझं तोंड बंद करता आलं नाही. आता त्या डॉक्टरला ते उघडून देऊ?" लोक हसायचे. मीही हसायचे. पण मी कॉलेजला गेले, गरम डोक्याच्या मुलामुलींत बसायला लागले आणि मला हसू येईना. जो माणूस बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढतो, अंगारा लावू नका, डॉक्टरकडे जा असं शेवटच्या ओळीत दर वेळी लिहितो, तो स्वतः मोरीत कडी लावून बसतो. दुसऱ्याला सांगितलेला नियम स्वतःला लावायचा नसेल तर तो नियम नाही, नुसतं भाषण आहे. हे मी त्यांच्याच पत्रकांतून शिकले होते, आणि ते त्यांना ऐकवायचं ठरवलं.

"काका, दात काढताना दुसरा माणूस कोण असतो?"

ते म्हणाले, "आरसा."

त्या रात्री मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा: 'आरसा हा दुसरा माणूस नव्हे.' दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बाहेर त्याच्या प्रती काढल्या आणि रात्री एक त्यांच्याच दाराला चिकटवली.

सकाळी त्यांनी ती सोडवली, चष्मा लावून उभ्याउभ्या वाचली, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि खुणा करून मला आणून दिली.

"मथळा उत्तम आहे, संपादक. आत काही नाही."

"म्हणजे?"

"तू लिहिलंस, हे धोक्याचं आहे. कसला धोका? नुसतं करू नका म्हटलं की लोक करतात. का करू नये ते सांगावं लागतं. स्टोव्हची ज्योत उडी मारते हे मला माहीत होतं, म्हणून मी ते लिहिलं. दात उपटल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग माहिती काढ. तोवर मी उपटतो."

त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं पत्रक त्यांनीच तपासून, सुधारून परत दिलं होतं. असा विरोधक मला नंतर कधी भेटला नाही.

ती माहिती ग्रंथालयातून यायची नव्हती.

काकू माहेरी गेल्या होत्या, भाच्याचं बारसं होतं. काकांची उजवीकडची खालची दाढ बरेच दिवस दुखत होती. ते डावीकडून चावत होते आणि दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात होते. रविवारी सुट्टी. त्यांनी लवंगेचं तेल लावलं, वाट बघितली, मोरीची कडी लावली. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. थोडं इकडे, थोडं तिकडे, दाढ हलेना. मग शेवटचा जोर. कट्ट असा आवाज आला आणि पकडीत दाढ आली. अर्धी.

रक्त थांबेना. तुरटी लावली, कापूस दाबला, कापूस भिजला, दुसरा दाबला. दुपारी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र परत द्यायला गेले तर ते मोरीपाशी पाटावर बसले होते आणि शेजारची बादली गुलाबी झाली होती. मला बघून त्यांनी हात हलवला. जा, काही नाही. बोलले नाहीत. त्यांनी न बोलणं मी पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी ते मफलर गुंडाळून ड्युटीला गेले. त्यानंतर गाल सुजला. मग सूज गालावरून खाली सरकली, जबड्याखाली, हनुवटीखाली, आणि मान अशी भरून आली की मान आणि जबडा यांच्यातली रेघच नाहीशी झाली. तोंड उघडेना. दोन दातांमध्ये बोटाचं टोक जाईना. ताप चढला. पाणी गिळता येईना म्हणून ते पुढे वाकून बसायचे आणि लाळ टॉवेलमध्ये पडू द्यायचे. काही सांगायचं असलं तर जुन्या पत्रकाच्या मागे लिहायचे.

मी म्हटलं, दवाखान्यात चला. त्यांनी लिहिलं: 'उतरेल.'

माझे वडील म्हणाले, रिक्षा आणतो. त्यांनी लिहिलं: 'नको.'

विहारातले लोक येऊन समजावून गेले. प्रत्येकाला त्यांनी तोच कागद दाखवला. नवा लिहायचेही कष्ट घेतले नाहीत. मी तिथेच बसून भांडले. इतकं भांडले की माझा घसा बसला आणि ते माझ्याकडे फक्त बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत हट्ट असेल असं मला वाटलं होतं. तिथे हट्ट नव्हता. तिथे भीती होती, आणि ती मरणाची नव्हती.

निरोप गेला तशा काकू दुपारच्या गाडीने आल्या. हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळाला हात लावला. श्वास ऐकला. श्वासाला घरघर लागली होती.

"दवाखान्यात जायाचं."

काकांनी कागद पुढे केला. 'उतरेल.'

काकूंना वाचायला वेळ लागायचा. त्यांनी तो वाचला, घडी घातली, बाजूला ठेवला. रडल्या नाहीत, वाद घातला नाही. मेन बोर्डाकडे गेल्या, खिळ्यावरची लाल पाटी काढली, तिच्या तारेत सुतळी ओवली आणि येऊन काकांच्या गळ्यात घातली.

धोका. माणसं काम करत आहेत. हात लावू नका.

"आता मशीन बंद," काकू म्हणाल्या. "पाटी म्या लावलीय. हात कुणी लावायचा नाय. तुमी बी नाय."

काकांचा हात पाटीकडे गेला. बोटं सुतळीपर्यंत पोचली. आणि तिथेच थांबली.

मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, पुष्कळ मोठे युक्तिवाद ऐकले. इतका छोटा आणि इतका बिनतोड युक्तिवाद परत ऐकला नाही. तो माणूस ती पाटी काढू शकत नव्हता. काढली असती तर त्या क्षणी त्याची सगळी पत्रकं खोटी झाली असती.

त्यांनी हात खाली घेतला. पेन्सिल उचलली. लिहिलं: 'परमिट कोण देणार?'

"डागतर."

'दुसरा माणूस?'

"म्या हाय ना," काकू म्हणाल्या. "हात धरून उभी ऱ्हाते. तुमचा हात कुणी धरायचा नाय, म्याच धरीन. चला."

काका उठले आणि पलंगाखाली पायाने चपला शोधायला लागले.

रिक्षात मी पुढे बसले होते, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धी. नाशिकरोडच्या फाटकाशी थांबलो तेव्हा काकूंनी मला मागून सांगितलं, रिक्षाच्या आवाजात, काकांना ऐकू जाईल न जाईल अशा बेताने. "ल्हान असताना ह्यांच्या बापानं ह्यांना गंगेवर नेलतं. तिथं कपडा अंथरून दात काढणारा बसायचा. बापानं हात धरले, दुसऱ्यानं पाय धरले. त्यानं चांगला दात काढला, दुखरा तसाच ठिवला. मंग परत धरलं." त्या थांबल्या. "तवापास्नं तोंडाशी कुणाचा हात आला की ह्यांना घाम फुटतो. न्हावी बी दाढी करत नाय ह्यांची. सोता करत्यात."

तर मॅनेजमेंटला तोंड बंद करता आलं नाही, या वाक्यामागे हे होतं. इतकी वर्षं आम्ही त्याला हसत होतो.

दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि काही न विचारता आधी आत नेलं. बॅटरीने बघितलं, मान दाबून पाहिली, नर्सला दोन गोष्टी भराभर सांगितल्या. मग बाहेर येऊन आमच्याशी बोलल्या.

"दाढ घरी उपटली?"

"व्हय."

"मूळ आत मोडलंय. तिथे पू झाला आणि तो जबड्याखालून मानेत उतरलाय. जीभ वर ढकलली जातेय. ही सूज अजून वाढली तर श्वासाची वाट बंद होते. आत्ताच हनुवटीखाली चीर देऊन पू काढावा लागेल. आणखी उशीर केला असता तर." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "ते गळ्यातलं काय आहे?"

"ते ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "ते काढलं तर पळून जातील."

"मला गळ्यावरच काम करायचंय, मावशी."

काकूंनी विचार केला. मग स्वतः आत गेल्या, काकांच्या गळ्यातली पाटी स्वतःच्या हाताने काढली आणि खाटेच्या दांडीला बांधली, त्यांना दिसेल अशी. मला दाराच्या फटीतून दिसत होतं. डॉक्टर जवळ आल्या तसे काका मागे सरकले, डोकं भिंतीला टेकलं, कपाळावर घाम. काकूंनी त्यांचा पंजा दोन्ही हातांत घेतला. डॉक्टर थांबल्या. हातातलं सगळं खाली ठेवून त्यांनी काकांना रिकामे हात दाखवले आणि म्हणाल्या, "तुम्ही हात वर केलात की मी थांबेन. तुम्ही म्हणाल तेव्हाच पुढे." काकांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. मग मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी.

परमिट मिळालं होतं.

बाहेरच्या बाकावर मी आणि मागून आलेले माझे वडील बसून राहिलो. आत एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या वडिलांनी माझा हात इतका घट्ट धरला की मला कळलं, घरातल्या शांत माणसांनाही भीती वाटते. उन्हं कलली तेव्हा डॉक्टर आल्या. एका वाटीत पिवळट, वाकडं, मिरीच्या दोन दाण्यांएवढं काहीतरी होतं.

"हे आत राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "श्वास मोकळा झालाय. काही दिवस ठेवावं लागेल. आणि यांना साखर आहे, माहीत होतं?"

कुणालाच माहीत नव्हतं.

काकांना बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं असेल तर डॉक्टरांची उलटतपासणी. मी तिथे होते. हनुवटीखाली पट्टी, आवाज पोत्यातून आल्यासारखा, पण आवाज त्यांचाच.

"आधीचे माझे दात नीट निघाले. हाच का मोडला?"

"आधीचे तुम्ही काढलेच नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "ते हिरड्या गेल्यामुळे सुटलेले होते. आज ना उद्या पडणारच होते. तुम्ही फक्त तिथे पकड घेऊन उभे होतात."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका छताकडे बघत राहिले. त्यांच्या आयुष्यातलं एक अख्खं कौशल्य एका वाक्यात गेलं होतं.

"म्हणजे तो बोल्ट नसतो," शेवटी ते म्हणाले.

"बोल्ट सरळ असतो, काका. दाढेला मुळं असतात, वाकडी. त्यांच्याजवळून शिरा जातात. वरच्या दाढेच्या मुळांवर तर पोकळी असते, तिथे भोक पडतं. जबडासुद्धा मोडू शकतो. त्यात साखर असली की जखम भरत नाही आणि जंतूंचं फावतं. आणि तुम्ही ज्या गोळ्या खात होतात ना, त्यातल्या काही रक्त पातळ करतात. म्हणून ते थांबत नव्हतं."

काकांनी हात लांब केला. "पेन्सिल दे, संपादक."

आमचं पत्रक दवाखान्याच्या खाटेवर पूर्ण झालं. मथळा माझा: 'आरसा हा दुसरा माणूस नव्हे.' आत सगळी कारणं, डॉक्टरांनी तपासलेली. कुठली लक्षणं दिसली की थांबायचं नाही तेही होतं: तोंड उघडेना, गिळता येईना, जबड्याखाली सूज, ताप, न थांबणारं रक्त. शेवटची ओळ काकांनी नेहमीसारखी लिहिली: 'डॉक्टरकडे जा.'

ते गंगेवरच्या बाजारात वाटायला गेलो तेव्हा मीच सोबत होते. झेंडूच्या टोपल्या मांडून बसलेल्या एका म्हातारीने पत्रक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "बाबा, मला वाचता येत नाय. तूच सांग." काकांनी सगळं वाचून दाखवलं. कुणीतरी भांडतंय असं वाटून आजूबाजूचे लोक जमले. म्हातारीने शांतपणे ऐकलं. मग गालाला बांधलेला फडका थोडा बाजूला केला.

"समदं खरं. पर डागतरकडं जायाची भ्या वाटती, त्याचं काय लिवलंय?"

काकांनी पत्रकाकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही धोके लिहिले होते, लक्षणं लिहिली होती, पण मोरीची कडी माणूस का लावतो ते आम्ही दोघांनीही लिहिलं नव्हतं. मी नाही, कारण मला ते फार उशिरा कळलं. त्यांनी नाही, कारण त्यांना ते सगळ्यांत आधी माहीत होतं.

तिथेच, फुलांच्या टोपलीवर कागद टेकवून, त्यांनी शेवटची ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं: 'डॉक्टरकडे एकट्याने जायची भीती वाटत असेल तर मी सोबत येतो. हात धरून उभा राहतो.' खाली क्वार्टरचा पत्ता.

आणि ते खरंच सोबत गेले. त्या म्हातारीबरोबर त्याच आठवड्यात गेले, खुर्चीशेजारी उभे राहिले. म्हातारीने त्यांच्या मनगटावर नखं रुतवली त्यांच्या खुणा त्यांनी आठवडाभर सगळ्यांना दाखवली, दागिन्यासारखी. मग लोक यायला लागले. एकलहऱ्याचे, सिन्नर फाट्याचे, पंचवटीच्या बाजारातले. एक पोलीस आला होता, भलामोठा, मिशीवाला, तो तर दवाखान्याच्या पायऱ्यांवरून परत फिरत होता. काका त्याला म्हणाले, "साहेब, मला अटक करा आणि आत घेऊन चला." तो हसत हसत आत गेला. निवृत्त झाल्यावर तर काकांचं हेच मुख्य काम झालं. डॉक्टर त्यांना बघितलं की कंपाउंडरला सांगायच्या, दुसऱ्या माणसाला खुर्ची द्या. ते कधी बसले नाहीत. दुसरा माणूस बसत नसतो.

मी चळवळीत पडले, भाषणं केली, पत्रकं काढली, अजूनही काढते. माझ्या पत्रकांत कारणं असतात, मागण्या असतात, राग तर पुष्कळ असतो. पण छापायला द्यायच्या आधी मी शेवटची ओळ वाचते आणि स्वतःला विचारते, आपण नुसतं जा म्हणतोय की सोबत येतो म्हणतोय? पुष्कळदा ओळ खोडावी लागते.

पकडीचं सांगायचं राहिलं.

दवाखान्यातून आल्यावर काकूंनी लाल पाटी खाटेच्या दांडीवरून सोडवून आणली होती. ती त्यांनी पकडीला बांधली आणि पकड कपाटात ठेवली. काकांनी मागितली की विचारायच्या, "काम संपलं?"

"अगं, नळ बघायचाय."

"दात ऱ्हायल्यात ना अजून तोंडात? मंग काम चालू हाय."

नियम त्यांचाच होता. त्या घरात पकड असून नसल्यासारखी झाली. मोरीचा नळ गळत होता तो गळतच राहिला. काका शेजाऱ्यांचे नळ शेजाऱ्यांच्या पकडीने दुरुस्त करायचे आणि घरी येऊन नळाखाली तांब्या ठेवायचे. दर दिवाळीच्या आवराआवरीत ते एकदा अर्ज करायचे, आणि दर दिवाळीला तो फेटाळला जायचा.

राहिलेले दात डॉक्टरांनी एकेक करून काढले. प्रत्येक वेळी काकू हात धरून उभ्या. शेवटचा काढला तेव्हा मी नाशिकला आले होते, म्हणून गेले. काकांनी खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढली, जुनाट, झाकण सैल झालेलं, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"जुना माल सगळा जमा आहे. आता नवा काढा."

डॉक्टरांनी डबी उघडली, आत पाहिलं, झाकण लावलं. "स्टोअरला मिळालं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "कवळीचं माप जखम भरल्यावर घेऊ."

घरी आलो. काकूंनी काकांना दारातच, उजेडात उभं केलं.

"आ करा."

काकांनी आ केला. वीतभर अंतरावर दुसऱ्याचा चेहरा, तोंडाशी दुसऱ्याचं बोट, आणि त्यांना घाम आला नाही. काकूंनी वाकून, डोळे बारीक करून, वरून खालून सगळं पाहिलं, बंद मशीन तपासायला आलेला इन्स्पेक्टर पाहतो तसं. मग आत गेल्या. कपाटातून पकड काढली. पाटीची तार गंजली होती, ती सोडवायला वेळ लागला. मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ज्याने लावली त्यानेच काढायची.

पाटी खिळ्यावर गेली. पकड काकांच्या हातात आली.

"घ्या," काकू म्हणाल्या. "नळ लय दिसाचा गळतोय."

काका मोरीत गेले. दार उघडंच होतं. पकड लावायच्या आधी ते थांबले आणि त्या बिनदाताच्या, मऊ झालेल्या, पण तशाच मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "दुसरा माणूस कोण?"

काकूंनी पदराला हात पुसले.

"आले," त्या म्हणाल्या.